पाकिटावरच्या पत्त्याच्या मागे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "रोजच्या खाण्यातल्या वस्तू कुठून येतात ते नीट समजून घ्यायचं ठरवलं आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या पाकिटांवरचे पत्ते वहीत उतरवले. बहुतेकांवर पॅकिंग करणाऱ्या कंपनीचा पत्ता होता, शेताचा कुठेच नाही. आता पुढे काय करू? जे जवळचं तेच घ्यायचं असा सरळ नियम करावा का? आणि साध्या माणसाला यातलं खरंच किती कळू शकतं?"

गेली २१ वर्षं मी अन्नप्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांमध्ये मालाचा माग तपासते. तयार मालातलं एखादं पाकीट उचलायचं आणि त्यातला कच्चा माल कोणाकडून, कोणत्या दिवशी, किती आला हे कारखान्याला नोंदींवरून दाखवता येतं का, ते पाहायचं, हे माझं काम. वही करून बसलात, याचं मला फार बरं वाटलं. बहुतेक लोक काळजी करतात आणि तिथेच थांबतात. तुम्ही अडलात ती जागाही अगदी नेमकी आहे, कारण माझ्या कामाची सुरुवात तिथूनच होते.

आधी प्रश्न थोडा सोडवून घेऊ. "अन्न कुठून आलं" या एका वाक्यात चार वेगवेगळ्या काळज्या गुंतलेल्या असतात. खाल्ल्याने अपाय तर होणार नाही ना, ही एक. सांगितलं तेच आत आहे ना, ही दुसरी. ते पिकवताना माणसांचं आणि जमिनीचं काय झालं, ही तिसरी. आणि उद्या तिकडून येणं थांबलं तर काय, ही चौथी. या चारींची उत्तरं वेगळ्या ठिकाणी सापडतात आणि कधीकधी एकमेकांच्या विरोधातही जातात. त्यामुळे तुम्हाला नेमकी कोणती काळजी आहे यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. तुम्ही ते लिहिलेलं नाही, म्हणून मी चारींना थोडं थोडं धरून बोलते.

पाकिटावर शेताचा पत्ता का नसतो? लपवायचं असतं म्हणून, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका तेल कारखान्यात मी बाटली हातात घेऊन भांडारप्रमुखांना विचारलं, "हे कोणत्या शेतातलं?" ते काही बोलले नाहीत. मला टाकीच्या शिडीवरून वर घेऊन गेले आणि झाकण उघडून म्हणाले, "बघा." टाकी अर्धी भरलेली होती. टँकर येतो, आहे त्या तेलावर नवं तेल ओतलं जातं. खालून काढून घेतात, वरून पुन्हा ओततात. वर्षातून एखाद-दोन वेळा धुण्यासाठी टाकी रिकामी करतात, तेवढीच. म्हणजे माझ्या हातातल्या बाटलीत मागच्या महिन्यातल्या आठ-दहा टँकरचं तेल होतं आणि प्रत्येक टँकरमध्ये कितीतरी शेतांचं. धान्याच्या सायलोत, म्हणजे साठवणीच्या उंच कोठारात, हेच होतं, पिठाच्या गिरणीत हेच, दुधाच्या शीतटाकीत तर दिवसातून दोनदा होतं.

त्या दिवशी मला एक गोष्ट समजली आणि तीच मी आजही धरून आहे. मिसळलेल्या मालाचं खरं उत्तर "अमुक शेत" असं नसतंच. ते "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आलेल्या या या गाड्या" असं असतं. माल मिसळला की ठिकाण पुसट होत जातं, वेळ मात्र नोंदीत राहते. बॅच नंबर म्हणजे वेळेचाच एक तुकडा असतो. म्हणून तुमच्या वहीत पत्त्यांपेक्षा बॅच नंबर आणि तारखा जास्त मोलाच्या आहेत.

दुसरं, साखळीतल्या कोणा एकाला संपूर्ण रस्ता माहीत असतो ही समजूतही सोडून द्यावी लागते. युरोपीय संघाच्या २००२ च्या अन्न कायद्यात माग ठेवण्याचं बंधन आहे आणि ते १ जानेवारी २००५ पासून लागू झालं. त्याचा गाभा एवढाच: प्रत्येकाने आपल्याला माल कोणी दिला आणि आपण तो कोणाला दिला हे सांगता आलं पाहिजे. एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे. जगात इतरत्रही बहुतेक व्यवस्था याच धर्तीवर चालतात. गिरणीवाल्याला शेतकरी माहीत असेलच असं नाही, त्याला व्यापारी माहीत असतो. व्यापाऱ्याला खरेदी केंद्र माहीत असतं. कडीला कडी जोडत गेलं तर शेतापर्यंत पोहोचता येतं. मधली एक कडी तुटली की शोध तिथेच संपतो.

ही कंटाळवाणी वाटणारी नोंदवही काय करू शकते, याचं एक उदाहरण मी नव्याने शिकायला येणाऱ्यांना नेहमी सांगते. २०११ च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत ई. कोलाय जिवाणूच्या एका घातक प्रकाराची साथ आली. जवळपास ४,००० माणसं आजारी पडली, ५० हून अधिक दगावली. सुरुवातीला संशय स्पेनहून आलेल्या काकड्यांवर गेला आणि तसं जाहीरही झालं. तो चुकीचा निघाला, पण तोवर तिथल्या शेतकऱ्यांचा माल कोणी घेईना. मग तपास करणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. आजारी माणसं कोणकोणत्या उपाहारगृहांत जेवली, तिथे माल कुठून आला, त्या पुरवठादारांना कोणी दिला, असे धागे मागे मागे नेले. बरेच धागे लोअर सॅक्सनीमधल्या मोड आलेली कडधान्यं विकणाऱ्या एका शेतावर येऊन मिळाले. जूनमध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळही रुग्ण सापडले. तिथल्या मोडांचं बी आणि जर्मनीतल्या शेताचं बी यांचा माग काढला, तेव्हा दोन्ही वाटा इजिप्तहून आयात केलेल्या मेथीच्या दाण्यांपाशी एकत्र आल्या. ते दाणे साथीच्या सुमारे दीड वर्ष आधी युरोपात पोहोचले होते.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की दाण्यांच्या नमुन्यांत तो जिवाणू प्रयोगशाळेला सापडलाच नाही. निष्कर्ष निघाला तो पावत्या, लॉट नंबर आणि तारखा जुळवून. आणि ज्यांच्यावर आधी आळ आला, त्या काकड्यांच्या बाबतीत "कुठून" हे सगळ्यांना ठाऊक होतं. देशाचं नाव माहीत असूनही काही उपयोग झाला नाही. उलट त्या नावाचंच नुकसान झालं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, जवळचं तेच घ्यावं का. पर्यावरणाची काळजी असेल तर अंतर हा तितकासा चांगला मापदंड नाही. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून मांडली. त्या माहितीनुसार अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा साधारण ६ टक्के आहे. मोठा वाटा शेतावरच्या कामांचा आणि जमिनीच्या वापरातल्या बदलाचा. जहाजाने हजारो किलोमीटर आलेलं धान्य दर किलोमागे फारसा भार टाकत नाही. विमानाने आलेली नाजूक फळं-भाज्या मात्र टाकतात. बिगरहंगामात इंधन जाळून गरम ठेवलेल्या हरितगृहातला जवळचा टोमॅटो हा दूरच्या मोकळ्या शेतातल्या टोमॅटोपेक्षा जास्त भार टाकू शकतो. म्हणजे इथेही "किती लांबून" यापेक्षा "कोणत्या महिन्यात, कसं" हा प्रश्न जास्त कामाचा ठरतो.

शिवाय "जवळचं" म्हणजे नेमकं काय जवळचं, हेही पाहावं लागतं. तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कोंबड्या आहेत, अंडी तिथलीच आहेत. पण त्या कोंबड्या काय खातात? जगात पिकणाऱ्या सोयाबीनपैकी सुमारे तीन चतुर्थांश पशुखाद्यात जातं आणि त्याचा मोठा भाग ब्राझील, अमेरिका, अर्जेंटिना या तीन देशांत पिकतो. अंडं शेजारचं, दाणा समुद्रापलीकडचा. गव्हाचंही तसंच. शेत शेजारी असलं तरी त्याला घातलेलं नत्र बहुधा नैसर्गिक वायू किंवा कोळसा वापरून केलेल्या अमोनियातून आलेलं असतं. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये ती प्रक्रिया प्रयोगशाळेत करून दाखवली, कार्ल बॉश यांनी ती कारखान्याच्या पातळीवर आणली आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे उत्पादन सुरू झालं. आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न त्या नत्रावर उभं आहे. खतासाठी लागणाऱ्या स्फुरदाच्या खडकाचे ज्ञात साठे बघा, सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध भडकलं तेव्हा तिथला गहू आणि सूर्यफुलाचं तेल अडकलंच, आणि ज्यांनी कधी तिथला दाणा खाल्ला नव्हता त्यांच्याही शेतात खत महागलं. "तिकडून थांबलं तर काय" ही चौथी काळजी असेल, तर वहीत वस्तूबरोबर खत आणि पशुखाद्य हेही लिहावं लागेल.

मग जवळचं घेऊ नये का? जरूर घ्यावं, पण वेगळ्या कारणासाठी. जवळच्या माणसाला विचारता येतं, जाऊन बघता येतं, एकदा उत्तर पटलं नाही तर पुन्हा जाऊन विचारता येतं. माझ्या लेखी जवळिकीचं खरं मोल हे आहे, आणि तुम्ही कधी विचारलंच नाही तर ते वाया जातं.

आपल्या भाषेत "पिकणं" हा एकच शब्द शेतात धान्य येण्यालाही आहे आणि फळ मऊ होण्यालाही. निर्यातीच्या केळ्याच्या बाबतीत या दोन गोष्टी दोन खंडांत घडतात. ते हिरवं कापतात, १३-१४ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवून जहाजाने नेतात आणि विक्रीच्या देशात बंद खोल्यांमध्ये इथिलीन वायू देऊन पिवळं करतात. सफरचंद झाडावरून एकदाच उतरतं, पण ऑक्सिजन कमी ठेवलेल्या शीतगृहात कित्येक महिने टिकतं. यात काही फसवणूक नाही, अपायही नाही. पण दुकानदाराला "हे कुठलं?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, एखाद्या नामांकित जागेचं नाव. "हे झाडावरून कधी उतरवलं?" असं विचारा. माहीत असलेला माणूस लगेच सांगतो. माहीत नसलेला थबकतो आणि बहुतेक वेळा खरं तेच सांगतो, की ठाऊक नाही. ठिकाणाचं उत्तर पाठ करून ठेवता येतं, वेळेचं उत्तर दर गाडीला बदलतं. इतक्या वर्षांत मला सापडलेला सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे.

दुसरा प्रश्न मिसळण्याचा: "हे कशात मिसळलं गेलं, आणि कोणी मिसळलं?" वस्तू जितकी अखंड, तितका तिचा माग स्पष्ट. अख्खा दाणा, अख्खं फळ, सालीसकट शेंग यांच्याकडे बघूनच थोडंफार कळतं. दळलं, गाळलं, वाटलं, खिमा केला की डोळ्यांना काही दिसत नाही आणि सगळा भरवसा कागदावर येतो. २०१३ मध्ये युरोपात गोमांसाच्या तयार पदार्थांत घोड्याचं मांस सापडलं, ते अशाच वाटलेल्या मालात. त्यातल्या एका मालाचा रस्ता रोमानियातून निघून, सायप्रसमध्ये नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याच्या हातून, नेदरलँड्समधल्या शीतगृहातून फ्रान्समध्ये आणि तिथून लक्झेंबर्गच्या कारखान्यात असा गेला होता. प्रत्येक टप्प्यावर कागद होता. मधे कुठेतरी कागदावरचं नाव आणि खोक्यातला माल यांची फारकत झाली.

ही फारकत पकडायची आमची रीत सांगते, कारण तिच्यात विचार करण्याची एक सवय आहे. आम्ही कागदावरच्या नावापेक्षा वजनावर जास्त विश्वास ठेवतो. समजा तीळ आहेत. अमुक प्रमाणपत्राचे किती टन आले, साफसफाईत किती घट झाली, किती शिल्लक आहेत आणि त्या प्रमाणपत्राच्या नावाने किती विकले गेले, याची बेरीज जुळली पाहिजे. एका ठिकाणी ३० टन आले होते आणि ३७ टन विकले गेले होते. मालकांचा चेहरा पडला. चौकशीत निघालं ते असं: हंगामाच्या शेवटी माल कमी पडला, जहाजाची तारीख जवळ आलेली, लेबलं छापून तयार. खरेदी विभागातल्या कोणीतरी दलालाकडून ७ टन उचलले आणि त्याच सायलोत ओतले. त्या तिळांत अपायकारक काही नव्हतं. पण कोणाच्या शेतातले, कोणती औषधं मारलेले, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं, आणि ते मिसळल्यामुळे आधीच्या ३० टनांबद्दलही सांगता येईना. त्या संध्याकाळी मी फार अस्वस्थ होते. ३० टन पिकवणाऱ्या ज्या शेतकऱ्यांनी वर्षभर नोंदी ठेवल्या, त्यांची मेहनत एका दुपारीत पुसली गेली होती.

प्रमाणपत्रांबद्दल थोडं. पाकिटावरची प्रमाणपत्राची तीच खूण दोन वेगळ्या अर्थांनी वापरलेली असू शकते. पाम तेलासाठी २००४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गोलमेज संघटनेच्या पद्धतीत माल शेवटपर्यंत वेगळा ठेवण्याचा एक प्रकार आहे आणि हिशोब जुळवण्याचा दुसरा. दुसऱ्या प्रकारात प्रमाणित तेल साध्या तेलात मिसळलं तरी चालतं, पण जितकं प्रमाणित तेल विकत घेतलं तितकंच त्या नावाने विकायचं. बँकेत पैसे भरल्यावर काढताना त्याच नोटा मिळत नाहीत, रक्कम तेवढी मिळते, तसं हे. कोकोच्या व्यापारातही हिशोबाची पद्धत सर्रास वापरली जाते. तिचा फायदा शेतकऱ्यापर्यंत पोहोचू शकतो, म्हणून मी तिला खोटी म्हणत नाही. पण तुमच्या हातातला तुकडा त्या चांगल्या शेतातला आहे, असं ती सांगत नाही. पिकवणाऱ्यांची काळजी असेल तर ही खूण चालेल. आत नेमकं काय आहे याची काळजी असेल तर वेगळ्या ठेवलेल्या मालाची खूण शोधा.

आणि ज्यांच्याकडे कागदच नाही, त्यांचं काय? इथे मी तुम्हाला सावध करीन. जगात दोन हेक्टरपेक्षा लहान शेतं साधारण एक तृतीयांश अन्न पिकवतात. त्यांतल्या बहुतेकांना प्रमाणपत्राचा खर्च आणि कागदपत्रांचा व्याप झेपत नाही. आपण सरसकट कागद मागू लागलो तर सगळ्यात आधी बाहेर फेकले जातील ते हेच लोक. मी असे शेतकरी पाहिले आहेत ज्यांच्याकडे एक ओळही लिहिलेली नसते, पण कोणती रास कोणत्या तुकड्यातली, कोणता पाऊस उशिरा आला तेव्हाची, कोणती भिजली म्हणून वेगळी ठेवली, हे सगळं तोंडपाठ असतं. अशा माणसाकडून घेताना मला कोणत्याही खुणेची गरज वाटत नाही. उलट सगळे कागद चकचकीत असताना "हे कधीचं?" याला उत्तर न देऊ शकलेले कारखानेही पाहिले आहेत.

तेव्हा तुमच्या हातात काय आहे? दहा वस्तूंचा शोध एकदम घेऊ नका, थकून सोडून द्याल. एक निवडा. मी तरी सगळ्यात जास्त वजनाने घरात येणारी वस्तू घेईन, म्हणजे बहुधा रोजचं धान्य किंवा तेल, कारण तिथे कळलेलं रोज उपयोगी पडतं. ती दळलेली किंवा गाळलेली असेल, तर अखंड रूपात मिळते का पाहा. तेवढ्यानेच साखळीतली एक-दोन मिसळणी कमी होतात. मग पाकिटावरच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर बॅच नंबर देऊन दोन प्रश्न विचारा: यातला कच्चा माल कोणत्या हंगामातला, आणि तो किती पुरवठादारांकडून येऊन एकत्र झाला. पुरवठादारांची नावं मागू नका. ती व्यापारी गुपितं असतात आणि नावं मागितली की सगळ्याच प्रश्नाचं उत्तर टाळलं जातं. हंगाम आणि संख्या सांगायला सहसा कोणाची हरकत नसते.

उत्तर कसं येतं तेही वाचा. बॅच नंबरचा उल्लेख करून दिलेलं दोन ओळींचं उत्तर हे चार पानी रंगीत माहितीपत्रकापेक्षा चांगलं. "आम्ही सर्वोत्तम शेतकऱ्यांकडूनच घेतो" हे उत्तर नाही. "हे सांगता येत नाही, आमच्याकडे तीन हंगामांचा माल एकत्र होतो" हे मात्र उत्तर आहे, आणि प्रामाणिक आहे. अशा कंपनीकडून मी घेत राहीन.

वहीत पत्त्याच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखा, एक "कधी" आणि दुसरा "कशात मिसळलं". पहिले काही महिने ते बहुतेक रिकामेच राहतील. ज्यांच्याकडून उत्तर आलं नाही, त्यांच्यापुढे विचारल्याची तारीख लिहा आणि पुढच्या हंगामाची नवी बॅच दुकानात आली की तेच दोन प्रश्न पुन्हा पाठवा.